टाका

आमच्या घरात सध्या ‘टाका’ या एकाच शब्दावरून दोन पक्ष पडले आहेत. सौ. सकाळी उठल्यापासून म्हणते, “अहो, ते बोचकं टाका. तो पत्र्याचा डबा टाका. ती ट्रंक तर आधी टाका.” आणि आई गॅलरीतल्या उन्हात बसून, चष्म्यावरून बघत म्हणते, “एवढा टाका होऊ दे, मग बोलते.” एकीचा टाका आज्ञार्थी क्रियापद, दुसरीचा पुल्लिंगी नाम. दोघींच्या मध्ये मी. म्हणजे उभयान्वयी अव्यय.

प्रसंग असा की, आमचा नारायण पेठेतला वाडा पुनर्विकासाला निघाला आहे. वाडा म्हणायचं आपलं सवयीनं. दोन खोल्या, एक गॅलरी आणि पत्र्या मारुतीची घंटा ऐकू येईल एवढं अंतर. इमारत होईपर्यंत लांब कुठंतरी भाड्याच्या जागेत राहायचं, तिथं कपाट एकच, म्हणून सामान कमी करायचं. मी बँकेत कारकून आणि वर बी.कॉम. तेव्हा सामानाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. वस्तू, खरेदीचं वर्ष, मूळ किंमत, घसारा, आजची किंमत असे पाच रकाने आखून मी कामाला लागलो.

पहिल्याच पानावर अडलो. वस्तू : सिंगरचं हातमशीन. खरेदी : १९३९, आजीनं. घसारा लावून लावून आजची किंमत निघाली एक रुपया. हिशेबशास्त्रात वस्तू पार निकामी झाली तरी दप्तरी एक रुपया ठेवण्याची पद्धत आहे, तो हा रुपया. दुसरी वस्तू : जुन्या साड्यांची बोचकी, नग चार. तिसरी : बटणांची बरणी. चौथी : मासिकांतून कापून ठेवलेले भरतकामाचे नमुने, अंदाजे दोन किलो.

“हे सगळं कशाला हवंय, हे आईंना तुम्हीच विचारा,” असं म्हणून सौ.नं माझ्यावर जबाबदारी टाकली. (हा तिसरा टाका.) आता शहात्तर वर्षांच्या आईला सरळ प्रश्न विचारण्याइतका मी शूर नाही. त्यातून ज्या नारायणराव पेशव्यांच्या नावानं ही पेठ वसली, ते ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात घरच्याच भांडणात मारले गेले. तेव्हा या पेठेत राहणाऱ्यानं घरातल्या दोन पक्षांमध्ये उभं राहताना जपलेलं बरं. मी मग अस्सल पुणेकरानं अडचणीच्या वेळी करावं तेच केलं. इतिहासात शिरलो.

सुईचा इतिहास फार जुना निघाला. सैबेरियात डेनिसोवा नावाची गुहा आहे, तिथं हाडाची, नेढं पाडलेली सुई सापडली आहे. तिचं वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगतात. म्हणजे माणसाला शेती येण्याच्या कितीतरी आधी सुईत दोरा ओवता येत होता. मला अजून येत नाही. आपल्याकडे सुईची सगळ्यांत प्रसिद्ध नोंद महाभारतातली. सुईच्या टोकावर राहील एवढीही जमीन पांडवांना देणार नाही, असं दुर्योधन म्हणाला. जागेच्या व्यवहारात सुई हे माप तेव्हापासून चालू आहे. आमच्या पुनर्विकासाच्या करारातली कार्पेट एरियाची वाटाघाट ज्यांनी ऐकली, त्यांना दुर्योधन हा त्या मानानं सढळ हाताचा गृहस्थ वाटेल.

संत नामदेव शिंपी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि त्यांतल्या एका पदात त्यांनी गज, कात्री, सुई, दोरा अशी आपल्या धंद्याची सगळी हत्यारं देवाच्या कामाला लावली आहेत. सुई पंढरपूरहून पंजाबापर्यंत गेली ती अशी. पण इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. नाव झालं ते शिंप्याचं, म्हणजे पुरुषाचं. गावोगाव घराघरांतून जुनी लुगडी एकावर एक अंथरून, धावदोरा घालून गोधड्या शिवणाऱ्या बायकांचं नाव कुठंच नाही.

पुण्यात पेशवे दफ्तर आहे. कोट्यवधी कागद आहेत आणि ते रुमालांत बांधलेले आहेत. स्वाऱ्या कुठं गेल्या, कर्ज कुणाचं घेतलं, दक्षिणा किती वाटली, सगळं त्यांत सापडतं. पण गोधड्यांचा रुमाल निघाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. एवढ्या मोहिमा झाल्या, थंडीच्या रात्री कुणी काहीतरी पांघरलंच असेल ना? ते पांघरूण कुणी शिवलं? इतिहास फडक्यात बांधलेला असतो, पण त्या फडक्याला टीप कुणी घातली हे इतिहासात नसतं. आमच्या बँकेतही तेच. लेजरमध्ये सगळं सापडेल, लेजर कुणी पुसलं ते सापडणार नाही.

गोधडी काही आपलीच मक्तेदारी नाही म्हणा. कर्नाटकात तिला कौदी म्हणतात, बंगालात कांथा, बिहारात सुजनी. जपानात साध्या धावदोऱ्यालाच साशिको म्हणतात आणि मोठ्या शहरांतून त्याचे वर्ग भरतात. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “त्यात शिकायचं काय? सुई खाली घालायची नि वर काढायची.” मग थोडं थांबून, “फी किती घेतात?”

आता ओघात एक खुलासा. बाहेरगावचे पाहुणे नारायण पेठेत येतात आणि विचारतात, “इथं नारायणपेठी साडी चांगली कुठं मिळते?” ती नारायणपेठ वेगळी. ती तेलंगणात आहे आणि २०१९ पासून तर जिल्ह्याचं ठिकाण आहे. आमच्या पेठेत साडी विणत नाहीत. आमच्या पेठेत साडी विकतात, साडीला फॉल लावतात, आणि ती विरली की गोधडीत घालतात. साडीच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र पूर्णपणे आमच्याकडे आहे.

तर मूळ मुद्दा. बायकांच्या हातातल्या सुईची सरकारदरबारी दखल घेतली जाऊ लागली ती इंग्रजी अमदानीत, आणि तीसुद्धा आमच्याच पेठेत, भांडणातून. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर या मंडळींच्या खटपटीनं मुलींचं हायस्कूल निघालं, तीच आपली हुजूरपागा. मुली इंग्रजी शिकणार, सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत शाळेत बसणार, म्हटल्यावर शहरात खळबळ उडाली. टिळकांचा पक्ष विरोधात. १८८७च्या सुमारास ‘मराठा’ पत्रातून टीका झाली की, मुलींना एवढा वेळ घराबाहेर ठेवू नये, इतका अवजड अभ्यासक्रम नको. देशी भाषा, नीतिशिक्षण आणि शिवणकाम एवढं पुरे. पुढं केसरीचं बिऱ्हाडही गायकवाड वाड्यात, नारायण पेठेतच आलं. एकाच पेठेत वादी नि प्रतिवादी. पुणेकरांची चालण्याची दगदग वाचली.

पण गंमत पुढंच आहे. १९०१ साली रानडे गेले. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साहाय्यानं पुण्यात सेवासदन उभं केलं. विधवांनी, परित्यक्तांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून. आणि तिथं काय शिकवायचं? परिचर्या, लिहिणं-वाचणं आणि शिवणकाम!

म्हणजे बघा. बाईनं घरातच राहावं म्हणणाऱ्यांनी तिच्या हातात सुई दिली. बाईनं घराबाहेर पडावं म्हणणाऱ्यांनीही तिच्या हातात सुईच दिली. जहाल आणि मवाळ यांचं ज्या एका मुद्द्यावर एकमत झालं, तो मुद्दा म्हणजे सुई! पुण्याच्या इतिहासात एवढं एकमत पुन्हा क्वचितच झालं असेल. फरक एवढाच की एकाच सुईनं एका पक्षाला दार शिवून टाकायचं होतं आणि दुसऱ्याला उसवायचं होतं.

रमाबाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. पुढच्याच वर्षी, १९१०ला, त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं. मीही आज सत्तेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या नावावर सध्या सामानाची अर्धी यादी आहे.

यंत्राची कथा निराळी. सिंगरनं शिवणयंत्राचं पेटंट घेतलं १८५१ साली. पण माझ्या मते त्याच्या कंपनीचा खरा पराक्रम १८५६चा. त्या वर्षी तिनं यंत्र हप्त्यावर विकायला सुरुवात केली. आज आमची बँक ज्या हप्त्यांवर जगते, त्या हप्त्यांच्या आजोबांत शिवणयंत्र येतं हे आमच्या कर्जविभागातसुद्धा कुणाला माहीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही यंत्रं मुंबईत आली. विकणाऱ्यांपुढं पेच पडला असणार. कारण इथलं गिऱ्हाईक जे नेसतं, ते शिवावंच लागत नाही. धोतर, लुगडं, उपरणं, पागोटं. शिवायची काय ती चोळी आणि बंडी. तरीही यंत्र खपलं, आणि इतकं खपलं की १९२४ साली यंत्रविरोधी गांधीजींनीसुद्धा एका मुलाखतीत त्याला अपवाद केलं. सिंगरनं बायकोचे कष्ट बघून, तिच्यावरच्या प्रेमापोटी यंत्र काढलं, असं ते म्हणाले. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांचे संसार एकाहून अधिक होते आणि मुलं वीसच्या वर. तेव्हा प्रेमापोटी हे खरंच असावं, फक्त ‘बायको’ हे एकवचन तपासून घ्यायला हवं होतं. एवढ्या मुलांची झबली हातानं शिवायची म्हणजे यंत्राला पर्याय नव्हता.

आमच्या आजीनं मशीन घेतलं तेही हप्त्यावर. पेठेतल्याच एका शिवणवर्गात ती शिकली होती. मग पोलकी, परकर, झबली, टोपडी, कुंच्या. बाळंतविडा करावा तर तिनंच. आजोबांनी आयुष्यात एकच उद्योग काढला, तो म्हणजे आजीच्या उद्योगाला नाव ठेवण्याचा. हप्ते मात्र आजीनं स्वतः फेडले.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं. नारायण पेठेत काय झालं हे जुन्या मंडळींना सांगायला नको, नव्यांना सांगून खरं वाटायचं नाही. आजी हे सांगताना पाण्याचं फारसं सांगायची नाही, मशीनचं सांगायची. सगळे माळवदावर गेले तेव्हा मशीन वर न्यायचं राहिलं. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ, आणि गाळातून मशीनचं चाक तेवढं वर आलेलं. तिनं आधी मशीन उपसलं. शेजारीण म्हणाली, “अहो, भांडी तर शोधा!” आजी म्हणाली, “भांडी मिळतील हो.” रॉकेलमध्ये एकेक भाग धुतला, वाळवला, तेल घातलं. आठ दिवसांनी चाक फिरलं. पहिलं काय शिवलं? ज्यांच्या अंगावरच्याखेरीज काही उरलं नव्हतं, अशा शेजारच्या पोरींचे परकर. कापड मदतीत आलेलं, शिलाई आजीची. ही शिलाई आजीच्या वहीत जमेला नाही. मी तपासलं.

पुढल्याच वर्षी, १९६२ला, चीनचं युद्ध. देशभर बायका जवानांसाठी लोकरीचे स्वेटर, मोजे विणू लागल्या. आई तेव्हा तेरा वर्षांची, साताऱ्याला शाळेत. तिनं एक मोजा विणला. एकच, कारण दुसरा होईपर्यंत युद्ध संपलं. टाच भलतीकडेच वळली होती. “कुणा जवानाला दिला असता तर बिचारा परत फिरला असता,” असं आई अजून म्हणते. तो मोजा यादीत अनुक्रमांक सतरावर आहे. घसारा लावलेला नाही.

१९७२ला आई लग्न होऊन या वाड्यात आली. आजीनं तिला तिजोरीच्या किल्ल्या दिल्या नाहीत (तिजोरी नव्हती), मशीनच्या झाकणाची किल्ली दिली. पुढं बाबांची छापखान्यातली नोकरी गेली आणि किल्लीचा अर्थ कळला. माझ्या लहानपणी आमच्या घरात कायम कुणाच्या ना कुणाच्या साड्या असत. दुपारी फॉल लावायचा, रात्री पिको करून आणायचा, सकाळी घड्या घालून ज्याची त्याला. मला वाटायचं, आईकडं पुष्कळ साड्या आहेत.

यादी करताना मशीनच्या लाकडी झाकणात एक वही सापडली. शंभर पानी, पिवळी पडलेली. तारीख, ‘फॉल’, संख्या, रुपये. ओळीनं १९९५ ते १९९८. संख्या दिसली की बेरीज करायची ही माझी व्यावसायिक खोड. उभ्या बेरजा करत गेलो. मधेमधे लाल शाईनं एक आडवी रेघ आणि खाली खर्ची टाकलेलं : ‘फी, पहिली टर्म’. पुन्हा रेघ, ‘फी, दुसरी टर्म. पुस्तकं’. पुन्हा. शेवटची रेघ मे १९९८ : ‘परीक्षा फी. संपलं.’

ही माझी बी.कॉम.ची वर्षं. ज्या बी.कॉम.च्या जोरावर मी त्या मशीनची किंमत एक रुपया काढली होती, ते बी.कॉम. त्याच मशीनपाशी बसून झालं होतं. हिशेबशास्त्रात याला काय म्हणतात ते अभ्यासक्रमात नव्हतं. मी यादीवरचा तो रुपया खोडला. दुसरा आकडा सुचेना, म्हणून रकाना रिकामा ठेवला.

मग धीर करून गॅलरीत गेलो. आई गोधडी घालत होती. मधे आजीचं विटकरी लुगडं, कडेनं तुकड्यांची झालर. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा बोचकं सोडलं आणि ओरडली, “अगं बाई, ही निळी होती होय! मी इतकी वर्षं हिला राखाडी समजतेय!” त्या दिवशी तिनं चारही बोचकी उपसली, आणि लहान पोरानं खेळण्यांचं दुकान बघावं तशी ती संध्याकाळपर्यंत साड्या बघत बसली. गोधडी त्याच आठवड्यात सुरू झाली. सुईत दोरा मात्र अजून ओवता येत नाही, हात कापतो. म्हणून माझा मुलगा कॉलेजला जाताना दहा सुया ओवून टाचणीच्या उशीला टोचून जातो. दहा सुया म्हणजे एका दुपारचा कोटा. संपल्या की आईची सुट्टी, चहा आणि रेडिओ.

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. गोधडी सात फूट लांब, पाच फूट रुंद. इंचाइंचावर एक ओळ म्हणजे साठ ओळी. इंचाला चार टाके धरले तर एका ओळीत ३३६. साठ ओळींचे २०,१६०. मिनिटाला बारा टाके या वेगानं २८ तास. रोज तासभर बसलं तर २८ दिवस.

“आई, गोधडी घालायला घेऊन किती दिवस झाले?”

“चार महिने होतील.”

“हिशेबानं महिन्याभरात व्हायला हवी. रोज तीन तास बसतेस. बाकीचा वेळ जातो कुठं?”

आमच्याकडं याला तफावत म्हणतात. तफावत सापडल्याशिवाय घरी जायचं नाही असा जुना नियम. आईनं सुई टोचून ठेवली.

“अरे, ओळ झाली की मी बघत बसते जरा. हा तुकडा कुणाचा, तो कुणाचा. ऊन इकडून तिकडं सरकतं, मग मीही सरकते. खालून भाजीवाला जातो. एखादी ओळ वाकडी आली की उसवते.”

“उसवतेस? दिसतंय कुणाला?”

“मला.”

“पण कशासाठी एवढं? कुणाला द्यायचीय? विकायचीय?”

“काही नाही रे. मजा येते.”

शंभर वर्षांचा इतिहास मी धुंडाळला. सुई कुणी कर्तव्य म्हणून दिली, कुणी पोटासाठी दिली, कुणी देशासाठी मागितली. मजा येते का, हे कुणी विचारल्याची नोंद मला मिळाली नव्हती. आजीला मी विचारलं नाही. वहीतल्या त्या तीन वर्षांत आईलाही विचारलं नव्हतं. फॉल लावताना मजा येत होती का, असं आता विचारलं तर ती म्हणाली, “तेव्हा वेळ कुठं होता मजेला? कधी साडी सुंदर असली तर यायची.”

तेवढ्यात सौ. बाहेर आली. हातात यादी होती. ती काहीतरी टाका म्हणणार, तोच तिची नजर गोधडीच्या कोपऱ्यावर गेली.

“आई, ही माझी मोरपिशी! पहिल्या दिवाळसणाची. ही मी केव्हाच टाकली होती!”

“हो ना,” आई म्हणाली. “टाकली होतीस म्हणूनच उचलली.”

सौ. खाली बसली. साडीच्या तुकड्यावरून हात फिरवत म्हणाली, “इथं जरा वाकडं आलंय.” आईनं चष्मा सावरून पाहिलं. खरंच वाकडं आलं होतं. दोघी मिळून ती ओळ उसवू लागल्या. मला कुणी काही विचारलं नाही. उभयान्वयी अव्ययाची गरज संपली की वाक्य असंच पुढं जातं.

आता खरं सांगायचं तर सुईशी माझाही संबंध आहे. बँकेत नवा लागलो तेव्हा संगणक आले होते, पण दिवसभराची व्हाउचरं संध्याकाळी दाभणानं शिवून गठ्ठा बांधायचं काम सगळ्यांत कनिष्ठ कारकुनाकडं असे. ते मी दोन वर्षं केलं. टाके इतके भक्कम की ऑडिटरला गठ्ठा सोडता यायचा नाही. आईला हे मी तेव्हा कौतुकानं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, “बघू, धावदोरा की उलटी टीप?”

काल संध्याकाळी मी तिच्या शेजारी बसून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. मुलाची परीक्षा आहे, रोजच्या दहा सुयांची सोय व्हायला हवी. पाऊण तासात तीन ओवल्या. चौथ्या वेळी सौ. आतून म्हणाली, “अहो, ते राहू द्या, त्या यादीचं काय झालं? मशीन न्यायचंय की टाकायचं?”

“न्यायचंय,” मी म्हटलं. “आणि बोचकी?”

“बोचकी तुमच्या आईंना विचारा,” ती म्हणाली. “मी त्यातलं एक सोडून ठेवलंय, बांधायचं राहिलंय.”